दुसऱ्या बाळाला जुलाब लागले की वॉर्ड आजारी आहे असं समजा : आरोग्य खात्याला खुलं पत्र

प्रति,
आरोग्य खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि राज्यातल्या सरकारी व खाजगी हॉस्पिटलांत नवजात बाळांचा कक्ष ज्यांच्या ताब्यात आहे ते सगळे डॉक्टर, सुपरिटेंडंट, मेट्रन,

सप्रेम नमस्कार.

मी रिटायर्ड स्टाफ नर्स आहे. नोकरीतली बरीचशी वर्षं लेबर रूम आणि बाळांच्या वॉर्डात गेली. हे पत्र बंद पाकिटात तुमच्या ऑफिसात इनवर्ड करून पोच घेता आली असती, तसा अर्ज आम्ही रीतसर दिलाही होता, पण त्याला जे उत्तर आलं ते वाचल्यावर ठरवलं की आता चार लोकांसमोरच लिहायचं. उत्तर अर्ध्या पानाचं आहे. त्यात म्हटलंय की सदर कालावधीत नवजात कक्षात कोणतीही साथ आढळून आली नाही, बालकांना झालेले जुलाब हे माता व नातेवाईकांनी स्वच्छता न पाळल्याने व बाहेरील दूध पाजल्याने झाल्याचे दिसून येते, सबब मातांसह सर्व नातेवाईकांचा कक्षातील प्रवेश बंद करण्यात आला असून संबंधित कंत्राटी अधिपरिचारिकेस कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली आहे, प्रकरण निकाली.

एकाच खोलीतल्या बाळांना ओळीने जुलाब लागतात आणि तुम्ही साथ नव्हती असं लिहून मोकळे होता, वर दोष बाळंतिणीला आणि सगळ्यात खालच्या सिस्टरला देता. हे मला गप्प राहून मान्य करता येणार नाही.

हॉस्पिटलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. नाव लिहिलं की तेवढ्या एका ठिकाणी चौकशी लागते, चार दिवस सगळीकडे फिनाईलचा वास येतो, एखादी मावशी किंवा सिस्टर घरी जाते आणि बाकी सगळीकडे पूर्वीसारखंच चालू राहतं. मला जे म्हणायचंय ते एका इमारतीपुरतं नाही.

माझा संबंध काय ते सांगते. माझ्या बहिणीच्या मुलीचं बाळ आठव्यातच झालं, वजन दीड किलोच्या आसपास, म्हणून काचेत ठेवलं. बाळ चांगलं होतं, वजन धरायला लागलं होतं. मग एका सकाळी भाची म्हणाली, मावशी याची शी बघ ना, पाणीच येतंय नुसतं. आता अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसातनं आठ-दहा वेळासुद्धा पिवळी, पातळ, दाणेदार शी होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, हे मी स्वतः कितीतरी बाळंतिणींना समजावत आले, त्यामुळे आधी मलाही वाटलं बघू तर. पण लंगोट उघडलं तर मधे दाणा म्हणून नाही, कापडावर हिरवट पाण्याचं मोठं वर्तुळ पसरलेलं, बाळ मलूल, टाळू आत बसलेली, दूध तोंडाशी नेलं तर ओठसुद्धा हलवत नव्हतं. शेजारच्या वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावर, जुळ्यातलं एक होतं, त्याचंही तेच, आणि त्याच्या पलीकडच्या बाळाचं तर आदल्या रात्रीपासून चालू होतं.

रात्रीला सिस्टर एकटी होती. बेसिन एका कोपऱ्यात, नळाला धार बारीक, साबणाची वडी पाण्यात बसून लिबलिबीत झालेली, हात पुसायला सगळ्यांना मिळून एक टॉवेल. वजनकाटा एकच, त्यावर ओळीने सगळी बाळं, मधे कापड बदलायलासुद्धा तिला उसंत नाही. आणि दूध पाजायची बोंडली कोमट पाण्याच्या एकाच टबात बुचकळून काढायची आणि पुढच्या बाळाला. हे मी डोळ्याने बघितलंय. ती पोरगी धावत होती हो, बसलेली नव्हती. पहाटे तिने मला विचारलं, मॅडम, मी आधी सलाईन बघू का हात धुऊ?

आमचं बाळ वाचलं. बरेच दिवस सलाईनवर होतं, आता घरी आहे, अंगावर पितंय. जुळ्यातलं ते बाळ गेलं. त्याच्या कागदावर कारण लिहिलंय कमी दिवसांचं बाळ, कमी वजन, सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू पसरणं. जुलाब हा शब्द त्या कागदावर कुठेही नाही, म्हणजे सरकारदरबारी त्या खोलीत जुलाबाने कोणी गेलंच नाही.

जुलाब म्हटलं की मोठ्या माणसाला वाटतं होतात दोन दिवस, ओआरएस घ्या, ताक-भात खा. दीड किलोच्या बाळाचा हिशोब वेगळा असतो. त्याच्या अंगातलं सगळं रक्त मिळून एक चहाचा कप भरेल एवढं. दीडशे मिली पाणी शरीरातून गेलं की वजनाचा दहावा हिस्सा गेला, आणि एवढं जायला एक रात्र पुरते. पोटातलं आम्ल अजून कमी, आतड्यात चांगले जंतू वसलेले नाहीत, त्यामुळे जो पहिला येईल तो घर करतो. ई. कोलाय हा तसा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतोच, पण त्यातल्या काही जाती अशा आहेत की त्या तान्ह्या बाळाच्या आतड्याच्या आतल्या थराला चिकटतात आणि अन्न-पाणी शोषणारी बारीक लव सपाट करून टाकतात, मग तोंडातून दिलेलं काहीच अंगी लागत नाही. तसाच साल्मोनेला हा जुलाबाचा दुसरा जंतू. आणि या जंतूंना एका बाळापासून दुसऱ्याकडे जायला पाय लागत नाहीत, ते आपल्या हातावरून जातात.

हे काही नवीन शोध लागायचेत असंही नाही. 1945 मध्ये जॉन ब्रे नावाच्या डॉक्टरने लंडनजवळच्या हॉस्पिटलात दाखवलं की उन्हाळ्यातले जुलाब म्हणून लोक जे सोडून देत होते, त्यातल्या बाळांच्या शीमध्ये एकाच जातीचा ई. कोलाय पुन्हा पुन्हा सापडतोय. 1947 मध्ये स्कॉटलंडच्या ऍबर्डीनमध्ये तान्ह्या बाळांची मोठी साथ आली, तिथेही ई. कोलायच. 1967 च्या शेवटी इंग्लंडमध्ये मिडल्सब्रोच्या बाळांमध्ये ई. कोलायचा ओ 128 हा प्रकार पसरला, बाळं दगावली, नेहमीची बरीच औषधं त्याच्यावर चालेनात, आणि औषधाला न जुमानण्याचा त्याचा गुण दुसऱ्या जंतूंकडेही जाऊ शकतो हे ई. एस. अँडरसन यांनी तेव्हाच सांगितलं. हा गुण जनावरांतल्या जंतूंकडून माणसांत येईल या काळजीने, जनावरांना सरसकट अँटिबायोटिक देण्यावर तिथे पुढे जी स्वॉन समिती बसली तिच्यामागे या साथीचाही हात होता. म्हणजे बाळांच्या एका वॉर्डातले जुलाब त्या देशाने इतके गांभीर्याने घेतले की औषधांचं धोरण बदलायची वेळ आली. आणि आपण अर्ध्या पानात निकाली काढतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, आणि मला सगळ्यात जास्त खुपणारी. गावात पाच-दहा घरात जुलाब झाले की तुमचंच खातं काय काय करतं ते मी बघितलंय. आरोग्यसेवक येतो, विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर पडते, पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची ओटी टेस्ट होते, पाण्याचा नमुना लॅबला जातो, साप्ताहिक रिपोर्टमध्ये साथ म्हणून नोंद होते, तालुक्याचा अधिकारी सरपंचाला जाब विचारतो. खूप चांगलं काम आहे ते. मग बाळांच्या खोलीत तीन वॉर्मरला एकदम जुलाब लागले तर हीच धावपळ का होत नाही? तिथे तर माणसं मोजकी, पाणी कुठून येतं ते माहीत, दूध कुठून येतं ते माहीत, कोणी कधी हात लावला ते रजिस्टरला. शोधायला गावापेक्षा कितीतरी सोपं. पण तिथे प्रत्येक बाळाची फाईल वेगळी, प्रत्येकाचे जुलाब वेगळे, आणि दोन फाईली शेजारी ठेवून बघायचं काम कोणाचंच नाही.

दुसरी तक्रार लॅबची. आम्ही पाठपुरावा केला तेव्हा कुठे एका बाळाच्या शीचा नमुना गेला, तोही अँटिबायोटिक सुरू झाल्यावर. रिपोर्ट आला ई. कोलाय, नॉर्मल फ्लोरा, म्हणजे आतड्यात नेहमी असणारेच जंतू. झालं, काही सापडलं नाही असं सगळे म्हणाले. अहो पण नेहमीच्या कल्चरवर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघितलं तर, साधा ई. कोलाय आणि बाळाला मारणारा ई. कोलाय सारखाच दिसतो! त्याची जात ओळखायला सिरोटायपिंग लागतं किंवा पीसीआर लागतो. जिल्ह्याच्या लॅबमध्ये ते होत नसेल हे मी समजू शकते, पण देशात हिमाचलमध्ये कसौलीला सेंट्रल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये साल्मोनेला आणि ई. कोलायच्या जाती ओळखणारं राष्ट्रीय केंद्र आहे. नमुना जपून ठेवायचा आणि पाठवायचा, एवढंच करायचंय. आमच्या वॉर्डात नेमका कोणता जंतू होता हे आता कोणालाच कधी कळणार नाही, कारण जंतू वाढवलेली प्लेट टाकून दिली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांच्या शीचे नमुने तपासताना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसचा एक प्रकार सापडला, 116 ई. ती बाळं आजारीसुद्धा नव्हती, तरी डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सोडून दिला नाही, आणि त्यातूनच पुढे रोटावॅक ही आपल्या देशातली जुलाबाची लस झाली, 2016 पासून ती सरकारी लसीकरणात आहे. तो व्हायरस आहे, मी बॅक्टेरियांबद्दल बोलतेय, मान्य. पण नर्सरीतल्या लंगोटात काय आहे ते नीट बघितलं तर केवढं काम होऊ शकतं ते आपल्याच देशात घडलंय, म्हणून सांगितलं.

तिसरी तक्रार, आईला बाहेर काढण्याची. तुमच्या आदेशाने आता आया बाहेर पॅसेजमध्ये सतरंजीवर बसतात आणि बाळ आत. अंगावरचं ताजं दूध बाळाला मिळायचं सोडून ते वाटीत काढून आत पाठवायचं, म्हणजे मधे अजून दोन हात आणि एक भांडं वाढलं. साथ थांबवायची तर नेमकं उलटं करायला पाहिजे. 1970 च्या दशकात फिलिपिन्समध्ये बाग्यो शहराच्या सरकारी हॉस्पिटलात डॉ. नॅटिविडाड क्लाव्हानो यांनी बाटल्या आणि पावडर बंद केली, बाळांना वेगळ्या नर्सरीत ठेवायचं सोडून आईजवळ दिलं, आणि जवळपास दहा हजार बाळांच्या नोंदी ठेवून दाखवलं की जुलाब, इन्फेक्शन आणि मृत्यू किती खाली येतात. लांब कशाला, मुंबईत सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मदर मिल्क बँक काढली, जिथे दुसऱ्या आईचं दूध 62.5 डिग्रीला अर्धा तास ठेवून निर्धोक करून देतात. आणि 2021 मध्ये पाच देशांतला जो अभ्यास आला, ज्यात आपलं दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल होतं, त्यात अगदी कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, आईला आतच ठेवून घेतलं, तर मृत्यू पाव हिश्शाने कमी झाले. आई ही व्हिजिटर नाहीये साहेब. तिच्या चिकाचं दूध हे त्या बाळाचं पहिलं औषध आहे.

बाहेरच्या दुधाचं म्हणाल तर तेही बोलू. पावडरचा डबा आणायची चिठ्ठी कोण देतं? भाचीला ड्युटीवरच्या डॉक्टरनेच दिली होती, दूध कमी उतरतंय म्हणून, आणि गेटबाहेरच्या मेडिकलमधून तो आणला. पावडर निर्जंतुक नसते, त्यात साल्मोनेला, क्रोनोबॅक्टर असे जंतू असू शकतात, म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की निदान 70 डिग्रीच्या पाण्यात कालवा आणि लगेच पाजा. आमच्याकडे थर्मासमधलं सकाळचं पाणी दुपारीही चालायचं. 1992 पासून कायदा आहे की हॉस्पिटलात या डब्यांची जाहिरात, प्रचार चालणार नाही. स्वतःच चिठ्ठी द्यायची आणि मग बाहेरील दूध पाजले असा शेरा मारायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

चौथी, माणसांची. तुमच्याच एसएनसीयूच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षाच्या, गाइडलाइनमध्ये दर तीन-चार बाळांमागे एक सिस्टर हवी असं आहे, प्रत्येक पाळीत. त्या रात्री किती बाळांमागे किती सिस्टर होत्या ते ड्युटी लिस्टवर आहे, बघा. एका वॉर्मरवर दोन-दोन बाळं होती. आत येताना कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुवा असं भिंतीवर चिकटवलंय, छान आहे, पण प्रत्येक बाळाच्या आधी आणि नंतर नीट हात धुवायचे तर चाळीस सेकंद ते एक मिनिट लागतं, एकटीने एवढ्या बाळांचं करायचं तर निम्मी रात्र नळावरच जाईल. हे गणित जिने सोडवायचं तिला तुम्ही नोटीस दिली. ती कंत्राटी आहे, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, तिच्यामागे कोणी उभं राहणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

अजून एक, थोडक्यात. जुलाब पसरल्यावर सगळ्याच बाळांना, ज्यांना काही नव्हतं त्यांनाही, अँटिबायोटिक चालू केलं. दिल्लीच्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतल्या नवजात बाळांचा जो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला त्यात सेप्सिसच्या बाळांमध्ये सापडलेल्या असिनेटोबॅक्टर जंतूंपैकी 82 टक्के बऱ्याच औषधांना दाद देत नव्हते, ई. कोलायमध्येही 38 टक्के. हात न धुता औषध वाढवत गेलं की आपण तिकडेच चाललोय.

आणि घरी गेल्यावरचं तर कोणी धरतच नाही. नॉर्मल डिलिव्हरीची बाई दोन दिवसांत घरी जाते, बाळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी जुलाब लागले तर ते घरचे जुलाब, घरच्यांनी गुटी दिली असेल, मध चाटवला असेल. असेलही. पण आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी जातेच, तिच्या फॉर्मवर हे दिसतं, आणि एकाच हॉस्पिटलातून आलेल्या तीन बाळांना तीन गावात जुलाब असतील तर ते एकत्र कोण बघणार? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून घरच्या घरी बाळं वाचवून दाखवली, आशाताईची ही फेरी त्याच कामातून आलीय. आज महाराष्ट्रात दर शंभरातली जवळपास 95 बाळंतपणं दवाखान्यात होतात. आम्हीच तर बायांना सांगून सांगून तिथे आणलं, घरी नको, दवाखान्यात चल, तिथे बाळ सुरक्षित राहील. तो शब्द आम्ही दिलाय, म्हणून हे एवढं लागतंय.

2021 च्या जानेवारीत भंडाऱ्याला आगीत दहा बाळं गेली, सगळा महाराष्ट्र हळहळला, त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. निघायलाच हवे होते. जुलाबाने बाळं एका रात्रीत दहा जात नाहीत, आज एक, परवा एक, कधी दुसऱ्या जिल्ह्यात एक, त्यामुळे बातमी होत नाही आणि ऑडिटही होत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत, फारसा पैसाही लागणार नाही, एक सोडून.

1. नवजात कक्षात 48 तासांत दुसऱ्या बाळाला जुलाब लागले की ती साथ समजून त्याच दिवशी लेखी कळवायचं बंधन घाला, सरकारी आणि खाजगी दोघांनाही. कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही हेही त्याच आदेशात लिहा, नाहीतर कोणी कळवणार नाही.

2. कळवल्यावर नवीन बाळं तिथे घ्यायची थांबवा, जुलाबाची, त्यांच्या संपर्कात आलेली आणि चांगली अशी बाळं वेगळी करा, तिन्हींकडे सिस्टर वेगळी. अँटिबायोटिकच्या आधी नमुना घ्या, जंतू जपून ठेवा, जात ओळखायला पाठवा, आणि रिपोर्टची एक प्रत आईवडिलांना द्या.

3. आईला आत घ्या. तिला गाऊन द्या, हात धुवायला शिकवा, टेकून बसायला खुर्ची द्या. प्रवेशबंदीचा आदेश आजच रद्द करा.

4. प्रत्येक बाळाचं बोंडलं किंवा वाटी-चमचा वेगळा, उकळलेला. वजनकाट्यावर दर बाळाला नवीन कापड. कोपराने उघडणारा नळ, पंपाचा साबण, कागदी टॉवेल, प्रत्येक वॉर्मरला हॅण्डरबची बाटली. पावडर लिहून द्यायची वेळ आली तर कारण आणि डॉक्टरची सही केसपेपरवर.

5. तीन-चार बाळांमागे एक सिस्टर, रात्रीसुद्धा. याला पैसा लागेल, तो द्या.

6. मृत्यूच्या कागदावर जुलाब असतील तर जुलाब लिहा.

7. आशाताईच्या फेरीत सापडलेले जुलाब बाळ जिथे जन्मलं त्या हॉस्पिटलच्या नावावर मोजा.

आमच्या अर्जाचं आणि या पत्राचंही उत्तर लेखी द्या. भाचीच्या बाळाचे सगळे कागद आणि तारखांसकट माझी टिपणं तयार आहेत, तुमचा कोणी अधिकारी आला तर दाखवीन, दोन तास बसून सगळं सांगीन. उत्तरात बाकीच्या मागण्यांवर विचार चालू आहे असं लिहिलंत तर काही दिवस थांबेन, पण त्या सिस्टरला दिलेली नोटीस मागे घेतल्याचं पहिल्याच ओळीत असू द्या.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका